पियेदादची जीभ

आमची बस सकाळी हरमलहून सुटून पेडण्यामार्गे म्हापशाला जायची. मी तिच्यावर कंडक्टर होतो. पहिल्या फेरीला पियेदाद मासळीची टोपली घेऊन उभी असायची, आणि ती चढली की आत बसलेली माणसं खिडकीबाहेर बघायला लागायची. तिच्या तोंडाला लागायची कुणाची तयारी नव्हती.

"पांडुरंगा, टोपली टपार चढव," ती मला सांगायची. "आणि सांभाळून चढव. बांगडे आसत ते, तुझे सासरचे नाय."

पेडण्याच्या बाजारात ती उतरायची. तिथल्या एका मास्तरने एकदा तारल्यांचा भाव फारच पाडून मागितला. पियेदाद त्याला शांतपणे म्हणाली, "मास्तर, तुमका मासे नको, वास होयो. वास फुकट आसा, घेवन जावा." त्यानंतर मास्तर दुसऱ्या बाजूने बाजारात शिरायला लागला. असे बरेच जण होते. तरी गिऱ्हाईक तिच्याकडेच यायचं, कारण मासळी ताजी असायची, आणि दुसऱ्याला बोलणी बसताना ऐकायला लोकांना बरं वाटतं.

पण तिची खरी धार नवऱ्यासाठी राखलेली होती. बोस्त्यांव रेंदेर होता, म्हणजे माडावर चढून सूर काढायचा आणि त्याची फेणी पाडायचा. लोकांच्या घशात जायची ती आधी त्याच्या घशात जायची. माडावर तो नीट चढायचा, खाली आल्यावर मात्र घर सापडायचं नाही. चर्चकडे, इगर्जीला, जाणाऱ्या वाटेवरच्या गटारातून पियेदाद त्याला काखेत धरून ओढत आणायची आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या बसला त्याचं वर्णन ऐकवायची. नवऱ्याची लाज झाकणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पियेदाद ती बांगड्यांबरोबर विकायची. "तुझ्यासारख्याच्या घरात देव रवना," हे ती त्याला तोंडावर म्हणायची, आणि तो मान डोलवायचा. त्याला ते पटलेलंच होतं.

मग कुणीतरी बोस्त्यांवला म्हापशाकडे एका रिट्रीटला, प्रार्थनेच्या शिबिराला, नेलं. तिथे जेवण फुकट मिळतं असं सांगितलं म्हणून तो गेला. परत आला तो दाढी करून, आणि प्यायचा बंद झाला. गावात सगळे वाट बघत बसले. ताव्हेर्नवाला तर त्याचा नेहमीचा ग्लास पुसून ठेवायचा. महिने गेले, बोस्त्यांव फिरकला नाही. जेजूने, म्हणजे येशूने, आपल्याला हात दिला असं तो म्हणायचा, आणि त्या पहिल्या दिवसांत ते म्हणताना त्याचे डोळे भरायचे. तो भाग खरा होता. त्याला नावं ठेवणाऱ्यांत मी पहिला, तरी तो भाग खरा होता.

सगळ्यांत मोठी पंचाईत झाली ती पियेदादची. सकाळी बसमध्ये बसायची आणि सांगायला काही नसायचं. एकदा मी तिला म्हटलं, "सुटलीस गो तू." ती माझ्याकडे असं बघून राहिली की जणू मी तिची टोपली समुद्रात टाकली होती.

माणूस दारू सोडून नुसता घरी बसला तर त्याला कोण विचारतो? बोस्त्यांवला विचारणारे हवे होते. आधी त्याने माड सोडले. जेजूने धरलेला हात सूर काढणार नाही, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे घर बायकोच्या टोपलीवर आलं. मग दर शुक्रवारी त्याच्या बलकांवावर, घरापुढच्या ओसरीवर, प्रार्थना सुरू झाली. पांढरी पँट आली, गळ्यात क्रूस, मोठा खुरीस, आला, एक टेपरेकॉर्डर आला. बोस्त्यांवचा ब्रदर बोस्त्यांव झाला. आणि एक दिवस त्याने जाहीर केलं की आपल्याला अधिकार मिळाला आहे. दारूवर, जुगारावर आणि जिथे कुठे वाईट आत्मा असेल त्याच्यावर.

ते राजभाषेवरून चाललेल्या कोंकणी-मराठीच्या भांडणाचे दिवस. रस्त्यावर झाडं आडवी पडायची, आमची बस कोलवाळच्या अलीकडे दिवसभर उभी राहायची, आणि पेडण्यात एका बाकावर बसणारी माणसं एकमेकांची तोंडं बघायची बंद झाली होती. ब्रदरने त्यातून बरोबर वाट काढली. किरिस्तांवांसाठी तो कोंकणीत प्रार्थना करायचा, आमच्या लोकांसाठी मराठीत, आणि सैतानाशी इंग्लिश बोलायचा. इंग्लिश त्याला एवढंच यायचं, "गेट आउट इन जीझस नेम." रिट्रीटमध्ये शिकून आला होता.

लोक यायचे. पाच मिनिटं बस उशिरा सुटली तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी माणसं त्याच्या अंगणात उन्हात हात जोडून उभी राहायची. तो कपाळावर तळवा ठेवून मागे ढकलायचा आणि माणूस पडायचा. न पडलेल्याला तो पुन्हा जोराने ढकलायचा. म्हातारे पाद्री व्हिगार एकदा मुद्दाम त्याच्याकडे चालत गेले. "बोस्त्यांव, प्रार्थना कर, पण देवाला ऑर्डर सोडू नको," एवढंच म्हणाले. ब्रदरने नंतर लोकांना सांगितलं की पाद्रीकडे झगा आहे, अधिकार आपल्याकडे आहे.

पियेदादचं बसमधलं तोंड आता पुन्हा सुरू झालं. "काल गटारातून मी ओढून आणलेलो, आज सैतानाक हुकूम सोडता. देवान तेका माडावरून उतरवलो आणि माझ्या टोपलीत बसवलो." लोक हसायचे, आणि शुक्रवारी तेच लोक तिच्या अंगणात जायचे.

डिचोली तालुक्यातल्या मयेहून सत्यवती नावाची एक बाई यायला लागली. तिचा नवरा गोकुळदास मूळचा सावंतवाडीकडचा, खाणीवरच्या मातीचा ट्रक हाकायचा. ट्रक उभा केला की प्यायचा आणि प्यायला की हिला मारायचा. सत्यवती देवाला सांगून थकली होती, म्हणून दुसऱ्यांच्या देवाकडे आली. म्हापशाला बस बदलून, नवऱ्याच्या हाताला धरून. ब्रदरने गोकुळदासला ढकललं, तो पडला, उठला आणि खरंच काही दिवस प्यायला नाही.

मग काय विचारता. दर शुक्रवारी ब्रदर त्याला सगळ्यांसमोर उभा करायचा. "हो बघा," म्हणायचा. गोकुळदास आपण किती वाईट होतो ते सांगायचा, आणि प्रत्येक शुक्रवारी तो आधीपेक्षा थोडा जास्त वाईट निघायचा. सत्यवती खाली मान घालून ऐकायची. तिला मारल्याची गोष्ट तिच्याच समोर, टाळ्यांत.

अशाच एका शुक्रवारी ब्रदरने डोळे मिटून सांगितलं की एक आत्मा अजून या घरात आहे. अहंकाराचा आत्मा. सगळ्यांच्या माना विहिरीकडे वळल्या. तिथे पियेदाद टोपली धूत होती.

"पियेदाद, हांगा ये. गुडघ्यार बस," ब्रदर म्हणाला.

"गुडघे दुखतत," पियेदाद म्हणाली.

तो उठून तिच्याकडे गेला आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. "गेट आउट इन जीझस नेम."

"हात धुतलंस?" तिने विचारलं. "माझी मासळी खराब जातली."

अंगणात हसू पसरलं. ब्रदरचा चेहरा काळा पडला. तो परत गेला, पण त्या दिवसापासून त्याच्या बोलण्यात एक कडवटपणा आला, आणि कमी विश्वासाची माणसं त्याला सगळीकडे दिसायला लागली.

पुढे गोकुळदास पुन्हा प्यायला लागला. हे कुणालाही कळण्यासारखं होतं, ब्रदर सोडून. एका शुक्रवारी सत्यवती एकटीच आली. तिचा उजवा हात पदरात बांधलेला होता आणि कोपराखाली वाकडा दिसत होता. ती बलकांवाच्या पायरीशी उभी राहिली. ब्रदरने तिला बसही म्हटलं नाही.

"तुझो विश्वास उणो पडलो, सत्यवती," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "मी घर साफ करून दिलंय, तू परत घाण होवक दिलंस. तुझ्यासारख्याच्या घरात देव रवना."

पियेदाद आतल्या खोलीत कांदे चिरत होती. हे मला तिने पुढे स्वतः सांगितलं. ती म्हणाली, शब्द माझे होते, पांडुरंगा. जसेच्या तसे. इतकी वर्षं मी त्याच्या तोंडावर मारलेले शब्द त्याने जपून ठेवले होते आणि आता दुसऱ्या कुणाला तरी मारले. दारातून त्या बाईचा चेहरा बघितला आणि पहिल्यांदा कळलं की माझं बोलणं ऐकताना बोस्त्यांवचा चेहरा कसा दिसत असेल. मी त्याच्याकडे बघून कधी बोललेच नव्हते, मी लोकांकडे बघून बोलायचे.

ती सुरी ठेवून बाहेर आली. सत्यवतीच्या चांगल्या हाताला धरलं आणि सरळ आमच्या बसवर आणली. म्हापशाच्या इस्पितळापर्यंत एक शब्द बोलली नाही. मी तिकीट मागायला गेलो तर नुसते पैसे पुढे केले. मला वाटलं, हिला ताप आला. सत्यवतीच्या हाताला प्लास्टर बसलं, आणि दुसऱ्या दिवशी पियेदादने तिला नदीपलीकडे आरोंद्याला तिच्या माहेरी पोचवलं.

मग ती पाद्री व्हिगारांकडे कुमसाराला गेली. कुमसाराला आपलं पाप आपण सांगायचं आणि पाद्रीने ऐकायचं. ते गुपित असतं, पण पियेदादच्या पोटात काय राहणार? तिने मला बसमध्ये सगळं सांगितलं. पाद्री म्हणाले होते, "दर वर्षी तू हेच पाप घेऊन येतेस नि जाताना बरोबर घेऊन जातेस. या खेपेला असं कर. आठवड्यातला एक दिवस बोस्त्यांवविषयी वाईट शब्द काढू नको. तो दिवस जेजूला दे."

"एकच दीस?" तिने विचारलं होतं. तिला ते फारच स्वस्त वाटलं.

पहिल्या खेपेला हरमलचा चढ संपायच्या आत तिने तो दिवस घालवला. समोरच्या बाईने सहज विचारलं, ब्रदर बरा आहे ना, आणि पियेदादच्या तोंडून जे निघालं ते पेडणे येईपर्यंत थांबलं नाही. थांबल्यावर तिने कपाळावर हात मारला. पुढच्या आठवड्यात ती तोंडात पदर धरून बसली. मी मुद्दाम छेडलं, बसमधल्या सगळ्यांनी छेडलं. आम्हाला रोजची करमणूक हवी होती. ती घामाने भिजली. पेडण्याला उतरताना मला म्हणाली, "ह्या दारू सोडण्यासारख्याच आसा रे. माझ्या जिभेक खाज येता." तेव्हा तिच्या तोंडून पहिल्यांदा बोस्त्यांवविषयी बरा शब्द ऐकला. "तो इतके महिने कसो रवलो कोण जाणा," ती म्हणाली. "जेजूशिवाय रवलो नसतलो."

काही आठवडे साधायचं, काही आठवडे नाही.

गोव्याचं राज्य झालं त्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी बस हरमलला पोचली. पियेदाद रिकामी टोपली घेऊन उतरली. पुढच्या फेरीला वेळ होता म्हणून मीही तिच्याबरोबर चालत होतो. तिच्या घराच्या दिशेने हसण्याचा आवाज येत होता. शुक्रवार होता, पण ते हसू प्रार्थनेचं नव्हतं.

बलकांवावर गोकुळदास बसला होता, प्यालेला. त्याने ब्रदरच्या समोर फेणीची बाटली ठेवली होती आणि शेजारी ग्लास भरून. "ब्रदर, तुझो अधिकार दाखव," तो म्हणत होता. "माका धक्को मारलंस तो पुरे. आता हिका सांग, गेट आउट."

ब्रदरने हात वर केला. त्याने ते इंग्लिश शब्द म्हटले. पुन्हा म्हटले. अंगणातल्या सगळ्यांना दिसत होतं की त्याचे डोळे गोकुळदासवर नाहीत, ग्लासावर आहेत. काल-परवापर्यंत त्याच्या पाया पडणारी माणसं एकमेकांना कोपरखळ्या मारत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "घे रे एक घोट, देव खंय बघता." ब्रदर पायरीवर बसला. उचललेला हात हळूहळू खाली यायला लागला, ग्लासाच्या दिशेने.

एवढ्यात लोकांनी पियेदादला पाहिलं आणि खुशीने वाट दिली. आता खरा तमाशा होणार होता. मी खोटं कशाला बोलू, मीही पुढे सरकलो. तिच्याकडे शब्द तयार होते. तिने तोंड उघडलेलं मी पाहिलं आहे. मग तिने तोंड मिटलं. ती तशीच उभी राहिली, ओठ दाबून, आणि सगळं अंगण वाट बघत राहिलं.

तिने टोपली खाली ठेवली, जाऊन नवऱ्याला लागून पायरीवर बसली आणि ग्लासावर आपला पालथा हात ठेवला.

"जेजू," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, बाजारात शेजारणीशी बोलावं तसा. "माका जमना. तू बघ हेका."

एवढीच प्रार्थना. कुणी पडलं नाही. बोस्त्यांव पुटपुटला, "माका होयी, पियेदाद. खूप होयी."

"माका ठावक आसा," ती म्हणाली. "मी बसतंय तुझ्यावांगडा. जायत नाय खंय."

तो रडायला लागला. लाज वाटेल असं, नाक गळत. तिने ग्लास अंगणात ओतला, बाटलीला बूच लावलं आणि ती गोकुळदासच्या हातात दिली. "ही घेवन जा," ती म्हणाली. "आणि ही हातात आसा तवसर सत्यवतीकडे जाव नको. तिच्या भावांक मी सांगून इलंय."

गोकुळदास शिव्यांची वाट बघत थोडा वेळ उभा राहिला. त्या काही आल्या नाहीत. मग तो बाटली सांभाळत निघून गेला. जमलेल्या माणसांची फारच निराशा झाली. एक बाई जाताना म्हणाली, असलो कसलो ब्रदर, बायलेच्या पदरात रडता. थोड्याच दिवसांत तिला मांद्र्याकडे दुसरा ब्रदर सापडला. त्यालाही अधिकार मिळाला होता.

त्या आठवड्यात पियेदाद बसवर आली नाही. बोस्त्यांवला ताप होता, ती त्याच्याजवळ बसून होती, जपमाळेवर तेर्स म्हणत, आणि तेर्स संपला की स्वयंपाक करत. नंतर एका सकाळी दोघंही स्टॉपवर दिसले. टोपली त्याच्या डोक्यावर होती. पांढऱ्या पँटऐवजी जुना विटका शर्ट, गळ्यात काही नाही. बसमधले लोक म्हणाले, "काय ब्रदर, सैतान खंय गेलो?" तो मान खाली घालून बसला. पियेदादकडे सगळ्यांनी बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

ती काही गोड झाली नाही. मास्तरला, मला, पोलिसाला, भाव पाडणाऱ्या कुणालाही तिचा प्रसाद मिळायचा. नवऱ्याला मात्र नाही. कधी सुटला शब्द तर ती तिथेच थांबायची आणि त्याला म्हणायची, "चुकलंय." हे शब्द तिच्या तोंडी ऐकणं मला अजून विचित्र वाटतं. बोस्त्यांव चर्चच्या सणाला, फेस्ताच्या दिवशी, एकदा पुन्हा प्यायला. तिने मला ते सांगितलं, पण चव घेऊन नाही. दोघांनी दुसऱ्या दिवशी जाऊन कुमसार केला, एकामागून एक. पाद्रींनी तिला विचारलं, तू कशाला आलीस? ती म्हणाली, रात्रभर मनात जे बोलले ते सांगायला.

गोकुळदास पीतच राहिला. लायसन गेलं, खाण सुटली, पुढचं मला ठाऊक नाही. सत्यवती आरोंद्यालाच राहिली. तिथे ती एका काजूच्या कारखान्यात लागली, आणि कधीमधी नदी ओलांडून पियेदादकडे जेवायला यायची.

हळूहळू बायका पियेदादला विचारायला लागल्या. माझ्या घोवासाठी प्रार्थना कर, तुझ्याकडे अधिकार आहे. तिला तो शब्द ऐकला की राग यायचा. "अधिकार बिधिकार माका नाय," ती म्हणायची. "होया तर येवन बसतंय." आणि खरंच जायची. कुणाच्या तरी ओट्यावर सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत बसायची, आत पिणारा पडलेला असायचा, आणि ती घरच्या बाईला त्याच्याविषयी बोलू द्यायची नाही. काही घरांत फरक पडला, बऱ्याच घरांत नाही पडला. ती पुन्हा जायची.

ती गेली तेव्हा बस मी केव्हाच सोडली होती. मातीला मी हरमलला गेलो. सगळा गाव आला होता, ज्यांनी तिची बोलणी खाल्ली ते सगळे, पेडण्याचा मास्तरसुद्धा. नव्या पाद्रींना कुणीतरी सांगितलं असावं की तिचा नवरा एकेकाळी मोठा प्रार्थना करणारा होता. त्यांनी बोस्त्यांवला पुढे बोलावलं आणि दोन शब्द म्हणायला सांगितलं. तो शवपेटीजवळ उभा राहिला. हात वर केला नाही. त्याने "आमच्या बापा" ही सगळ्यांना पाठ असलेली प्रार्थना सुरू केली आणि अर्ध्यावर विसरला. मग मागच्या एका बाईने पुढचे शब्द उचलले, तिच्यामागून सगळ्यांनी, आणि बोस्त्यांव त्यांच्याबरोबर हळू हळू म्हणायला लागला.